वाढत्या अंगाचा स्वेटर

साहिल, शेकोटीत काड्या टाक अन् मंग बस. गोबीची पोती बांधून झाली. कवडूची गाडी पहाटे येईन, तवरोक तुमी पोट्टे काई झोपत नाई. आचल, तूबी ये इकडं. थंडीत काऊन उभी आहे?

"ताराचंद काका, भूत पाह्यलं का?" म्हणून मले विचारता तुमी. मी नाई पाह्यलं, बाप्पा. रात्रीचं पाणी ओलाले सारी जिंदगी या वावरात आलो, सापाशिवाय मले काई दिसलं नाई. पण ज्याले दिसलं तो माणूस पहाटे आपलीच पोती उचलाले येणार आहे. त्याले विचारू नका. मले त्यानं एकदा सांगतलं, अन् पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढलं नाई.

कवडूची बायको कमला तुमाले माहीत नसन. सावंगीले राह्यतात ते, मोठ्या दवाखान्याच्या रस्त्यावर. कमलाबाई लोकरीचं विणते. तान्ह्या लेकराईचे टोपरे, मोजे, स्वेटर. कापूस भरलेले ससे, हत्ती. घरासमोर दोरी बांधून सारं लटकवते. बाळंतपणाले आलेले लोक घाईघाईत सगळं आणतात अन् लेकराचं टोपरं घरी विसरतात. मंग तिच्याकडंच येतात. हात असा चालतो तिचा, का बोलणं तुमच्याशी अन् सुया आपल्या आपल्या चालू.

दोन वर्षांमांगं, नवरात्रात, एक जवान पोरगी तिच्या दारात आली. दिवेलागणीची वेळ. डोक्यावरून ओढणी, पायात चप्पल नाई. दवाखान्यातली कोणी असन, कमलाबाईले वाटलं. त्या पोरीनं लोकरीचा एक दोरा पुढं केला. दोऱ्याले गाठ मारलेली.

"मावशी, हे छातीचं माप आहे. पोराचं. एक स्वेटर विणून द्या, संगं ससा."

"लेकरू घेऊन ये ना बाई. अंगावर लावून पाहू."

"मले उचलता येत नाई त्याले," ती म्हणे. "घरीच पोचवून द्या. रोहण्याच्या अलीकडं, फाट्याजवळचं पयलं घर. शालूबाईचं. तुमचे मालक जातातच तिकून."

आता कवडू रोज रात्री आपला भाजीपाला आणाले रोहण्याले येते, हे तिले कसं माहीत, हे काई कमलाबाईच्या ध्यानात आलं नाई. बाळंतीण असन, टाके दुखत असन, म्हणून उचलता येत नसन. तिनं विणून दिलं. कवडूनं जाता जाता पोचवलं. शालूबाई नावाच्या म्हातारीनं दार उघडलं, स्वेटर पाह्यला, ससा पाह्यला.

"कोणी सांगतलं विणाले?"

"तुमच्या सुनेनं."

म्हातारी त्याच्या तोंडाकडं पाहत राह्यली. दार लावून घेतलं.

दिवाळी झाल्यावर ती पोरगी पुन्हा आली. नवा दोरा, गाठ थोडी पुढं सरकलेली. लेकरू बाळसं धरून राह्यलं म्हणून कमलाबाईले बरं वाटलं. तिची स्वतःची रोशनी लग्न होऊन लांब गेली, नातू अजून नाई. लोकांच्या लेकराईचा तिले लळा. या खेपेले तिनं हत्तीबी केला, काई न सांगता. कवडूनं पोचवला. म्हातारीनं घेतला.

अन् मंग आली संक्रांतीची आदली रात्र.

त्या दिवशी थंडी कशी होती, आठवते का तुमाले? दिवसाबी शेकोट्या पेटल्या होत्या. अंधार पडता पडता कवडू गाडी काढून राह्यला होता. तुमाले माहीत आहे त्याची गाडी, छोटा हत्ती. तो घरामांगं पाणी टाकत होता इंजिनात, म्हणून त्याले काई दिसलं नाई. कमलाबाई दारात बसलती. समोर पाह्यते तं ती पोरगी उभी. बल्बच्या उजेडाच्या जरा बाहेर.

दोरा पुढं केला.

कमलाबाईनं मांगचा दोरा डब्यातून काढला, दोन्ही जवळ धरले. गाठीले गाठ.

"हे तं मांगचंच माप आहे, बाई. एवढ्या दिवसांत लेकरू वाढलं असन ना."

"आता नाई वाढत तो."

कमलाबाईच्या सुया थांबल्या.

"असं काऊन म्हणतं?"

ती पोरगी खाली पाहत होती. मंग म्हणे, "गरम विणजा मावशी. तिकडं लय थंडी आहे."

"तिकडं… कुठं?"

कमलाबाईनं दोऱ्याकडं पाह्यलं, पुन्हा वर पाह्यलं. समोर रस्ता. रस्त्यावर कोणी नाई.

ती उठली. आत एक स्वेटर तयार होता, तीन वर्षांच्या पोराच्या अंगाचा, लाल. दुसऱ्याच कोणासाठी विणलेला. तो घेतला अन् कवडूच्या हातात दिला.

"आताच्या आता फाट्यावरच्या घरी जा. माल मंग भरजो. हा त्या लेकराच्या अंगात घालाले सांग."

कवडू म्हणे, "हा तं लय मोठा आहे. माप कुठं आहे?"

"माप मी पाह्यलं," कमलाबाई म्हणे. "'आता नाई वाढत तो,' म्हणे ती. त्या मापाचं मी विणणार नाई."

कवडूले काई समजलं नाई. पण तिचा चेहरा पाहून तो निघाला. रस्त्यानं धुकं. त्या घरी पोचला तं दार उघडंच होतं. आत बाजेवर लेकरू. शालूबाई त्याच्या उशाशी, अन् लेकराचा बाप अंकुश पायाशी बसलेला. लेकराचा श्वास अंगणापर्यंत ऐकू येत होता. बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"काय झालं याले?"

"सर्दी आहे," अंकुश म्हणे. "औषध दिलं. सकाळी नेतो दवाखान्यात."

कवडूनं स्वेटर पुढं केला. म्हणे, माह्या बायकोनं पाठवला. तुमच्या घरवालीनं आज माप आणून दिलतं, पण…

अंकुश त्याच्याकडं पाहतच राह्यला.

शालूबाई हळू बोलली. "समीक्षा गेली, भाऊ. बाळंतपणातच गेली. या लेकराचं तोंडबी पाह्यलं नाई तिनं."

कवडूनं हातातला स्वेटर बाजेवर ठेवला.

"मले वाटलं कोणी ओळखीचं पाठवून राह्यलं," शालूबाई म्हणे. "मंग एक दिवस सकाळी लेकराच्या छातीभोवती लोकरीचा दोरा गुंडाळलेला दिसला. म्या म्हटलं, स्वेटरचा उसवला असन. स्वेटर तं चांगला होता. मी चूप राह्यली. आई आहे ती. पाहून जात असन, तं पाहून जाऊ दे." तिनं लेकरावरची गोधडी बाजूले केली. "आज संध्याकाळी पुन्हा…"

छातीभोवती दोरा होता.

"आज तिनं काय सांगतलं?" अंकुशनं विचारलं.

कवडूले सांगाचं नव्हतं. पण सांगतलं. आता नाई वाढत तो, असं म्हणे.

अंकुश उठला. सकाळची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाई. शालूबाईनं तो दोरा तोडला, लाल स्वेटर लेकराच्या अंगात घातला. बाह्या हाताखाली लोंबत होत्या, खालचा घेर पायाच्याबी पुढं. लेकरू त्यात दिसेचना. म्हातारी लेकराले घेऊन कवडूच्या बाजूले बसली, अंकुश मांगं, माल भरतात त्या रिकाम्या डाल्यात. गाडी निघाली.

फाटा गेला. पूल गेला. धुकं असं का समोरचा हात दिसू नये. कवडू अंदाजानं चालवत होता.

रस्त्याच्या कडेले कोणीतरी उभं होतं.

त्यानं गाडी थांबवली नाई.

जरा पुढं गेला. पुन्हा कडेले तीच. डोक्यावरून ओढणी.

त्यानं समोर पाह्यलं फक्त. समोरच.

मंग गाडीचा मांगचा भाग थोडा दबला. जसं कोणी चढलं. चालत्या गाडीत.

कवडूनं आरशात पाह्यलं. अंकुश बसला होता, गुडघ्यात डोकं घालून. त्याच्या बाजूले… अजून कोणी.

"मांगं पाहू नको," शालूबाई म्हणे. तिनं आरशात नव्हतं पाह्यलं.

तुमाले माहीत आहे, ड्रायव्हरच्या डोक्यामांगं एक काच असते. त्या काचेवर आवाज आला. टक. नखानं केल्यासारखा. टक… टक.

लेकराचा श्वास हळू झाला. अजून हळू.

मंग ऐकूच येईना.

कवडू सांगत होता, त्या वेळी त्याचा पाय ब्रेकवर गेलता. शालूबाईनं त्याच्या हातावर हात ठेवला. चालव म्हणून. अन् मांगं न पाहता बोलाले लागली. लय हळू. सुनेशी चुलीजवळ बोलावं तशी.

"समीक्षा. हे पाह्य, याच्या अंगात केवढा मोठा स्वेटर आहे. बाह्या पाह्य. याले अजून लय वाढाचं आहे, माय. बालवाडीत जाचं आहे. तुह्यासारखं गोरं होईन का अंकुशसारखं काळं, ते मलेबी पाहाचं आहे…"

काचेवरचा आवाज थांबला.

"तुले उचलता नाई आलं त्याले. मले माहीत आहे. पण मी उचलते ना. मी आहे तवरोक मी उचलते. मंग त्याचा बाप आहे. वाढू दे त्याले."



धुकं. इंजिनाचा आवाज.

…

मंग लेकरू रडलं. त्या रात्रीत पयल्यांदा. जोरात, आंग ताठ करून. कवडूनं आरशात पाह्यलं. मांगं अंकुश एकटाच बसला होता.

दवाखान्यात पोचले तं डॉक्टरनं लेकराले लगेच आत घेतलं, ऑक्सिजन लावला. बाई डॉक्टर म्हणे, सकाळची वाट पाह्यली असती तं काई हाती लागलं नसतं. लेकराच्या अंगातला स्वेटर काढून नर्सनं शालूबाईच्या हातात दिला. म्हातारी रात्रभर बाकावर बसून राह्यली, स्वेटर मांडीवर घेऊन. अंकुश बाजूले भिंतीले टेकून.

लेकरू वाचलं. चंदन नाव ठेवलं त्याचं. आता चालते, बोलते, कोंबड्याईमांगं धावते. फाट्यावरून गेले तं दिसन तुमाले.

पण सकाळी काय झालं ते सांगतो अन् मंग झोपा.

संक्रांतीच्या सकाळी कमलाबाई चहा घेऊन दवाखान्यात गेली. शालूबाईच्या मांडीवरचा स्वेटर उचलून पाह्यला तं दोन्ही बाह्या आत दुमडलेल्या. घेरबी दुमडलेला. चंदनच्या अंगाचा बरोब्बर, अन् चहूकडून कच्चे टाके घातलेले. वाढत्या अंगाचं आपण करतो ना, तसं. पोरगं मोठं झालं का टाके उसवायचे अन् बाही सोडायची.

"रातच्याले एवढं बारीक कसं केलं, बाई?" कमलाबाई म्हणे.

शालूबाई म्हणे, "म्या नाई केलं. माह्याजवळ सुई कुठं आहे?"

कमलाबाईनं स्वेटर खिडकीच्या उजेडात नेला. एक टाका नखानं वर उचलून पाह्यला.

दोरा नव्हता तो.

केस होता. काळा… लांब… एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत एकच.