पेरूच्या बागेतली माशी

"पेरू चोरायला बाटली कशाला लागती?"

धुक्यातून आवाज आला आणि पारमिता दचकली. बेळगावजवळच्या बेळगुंदीतल्या बागेत ती गळालेल्या पेरूंजवळ वाकली होती. हातातल्या बाटलीत केळ्याचा तुकडा, त्यावर तिळाएवढ्या चार माश्या.

"पेरू न्हाय, माश्या धरतेय. बागेच्या मालकांना विचारलंय मी."

"ते माझे आप्पा," तो हसून म्हणाला.

त्याचं नाव आदर्श. बेळगावात शाळेत गणित शिकवायचा. पारमिता निपाणीची, बंगळुरात माशीला चव कशी कळते यावर संशोधन करणारी. दहा दिवस ती रोज सकाळी येत राहिली, आणि आदर्शला शाळेला रोज थोडा उशीर होऊ लागला.

एकदा तिने त्याच्या हातात भिंग दिलं. सुईच्या टोकाला चिकटवलेल्या माशीच्या पायाला साखरपाण्याचा थेंब लावला. माशीने लगेच सोंड बाहेर काढली.

"पायानं चव घेती व्हय?"

"व्हय. पायावरच्या केसांतून मेंदूला निरोप जातो. आता यात कडू घालते... बघ."

सोंड आत गेली. 'बघा'चं 'बघ' झालेलं दोघांनाही कळलं.

"आमच्या प्रयोगशाळेत काही माश्यांचं एक जनुक बंद केलंय," ती घाईने म्हणाली, "त्यांना हे कडू कळतच न्हाय."

"आणि माणूस कसा हाय, ते कशानं कळतं?"

"ते... अजून शिकले न्हाय मी."

भिंग परत घेताना तिची बोटं त्याच्या बोटांवर क्षणभर राहिली. धुक्यात पिकल्या पेरूंचा वास दाटला होता.

शेवटच्या सकाळी ती बाटल्या पेटीत भरत होती. आदर्श आला आणि पेटीजवळ बसला.

"घरात सांगितलं मी," तो म्हणाला, "तुझ्याशी लगीन करायचं म्हणून."

"मला विचारायच्या आधी?"

"चुकलं माझं. आता विचारतो."

तिने मान वर केली नाही. "आम्ही बौद्ध – तेही सांगितलंस?"

"सांगितलं. आई कालपासनं बोलंना झालीया. आप्पा म्हणाले, वरीसभर थांब. मी न्हाय थांबणार... तू न्हाय म्हणालीस तर गोष्ट वेगळी."

तिने हातातली बाटली पेटीत ठेवली. मग म्हणाली, "रविवारी निपाणीला ये. आई-अण्णा घरात असतात. जे बोलायचं ते त्यांच्यासमोर बोल."

"आणि तुझं उत्तर?"

बाटल्यांवर नावं घालायचं पेन तिने उचललं, त्याचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर गल्लीचं नाव लिहिलं.

"न्हाय म्हणायचं असतं, तर पत्ता कशाला दिला असता रं?"

लिहून झालं, तरी तिने तो हात सोडला नाही.