सात नंबरचा हिरवागार वाफा

"बन्सी, बोट काढ आधी! मामांनी बघितलं ना, तर तुझी काही धडगत नाही!" अंबिका कुजबुजली.

बन्सी कसला ऐकतोय! गव्हाच्या वाफ्यात त्यानं अख्खं बोट खुपसलं. "अंबे, ओल लागतीय! पेरल्यापासून थेंब दिला नाय म्हणत्यात, अन् इथं चिखल!"

नाताळच्या सुट्टीत अंबिका औरंगाबादला मामांकडे आली होती. व्यंकटमामा गहू संशोधन केंद्रात होते. तिच्या वर्गातला पिशोरचा बन्सी हट्टानं सोबत आला होता, आणि हट्टाला कारणही तसंच होतं. केंद्रात अर्ध्या वाफ्यांना पाटाचं पाणी मिळे, अर्धे नुसत्या जमिनीतल्या ओलीवर सोडलेले. बिनपाण्यातही जो वाण तग धरेल, त्याचं बी बन्सीच्या बाबांना द्यायचं ठरलं होतं. दुष्काळात सलग दोन सालं त्यांचं पेरलेलं बीसुद्धा परत आलं नव्हतं!

सगळे कोरडे वाफे पिवळे पडलेले, आणि सात नंबर मात्र हिरवागार. मामा तर नुसते हरखले होते. परवा मोठे साहेब वाण निवडायला येणार होते.

"पण मामा, सात नंबर अलीकडच्या टोकालाच हिरवा आहे! पलीकडे तोही सुकलाय," अंबिका म्हणाली.

"दंव पडतं गं! चार बुकं शिकलात, तर मलाच शिकवता? पळा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तुरीच्या आड दबा धरून बसली. मजूर मनकर्णाबाई आल्या. वाफ्याच्या कडेला पिण्याच्या पाण्याचा रांजण होता. त्यांनी तो कलता केला आणि कालचं उरलेलं पाणी सरळ सात नंबरच्या मुळाशी सोडलं!

नुसतं बोलावून मामा थोडेच येणार? अंबिकानं नामी युक्ती काढली. "मामा! सात नंबरमध्ये साप!"

मामा काठी घेऊन धावले आणि वाफ्यात त्यांची चप्पल पचकन रुतली.

"हे... हे पाणी कुठलं?"

"शिळं पाणी फेकू नाय, झाडाला घालावं, असं माझी सासू सांगायची," मनकर्णाबाई घाबरून म्हणाल्या. "अन् साहेब, लेकरावानी सुकत होतं. बघवंना वं!"

"वर्षाची मेहनत घालवलीत बाई!" मामा कडाडले.

"पण काका, रांजण इथं ठेवायला कुणी सांगितलं?" बन्सीनं विचारलं.

मामांनी काठी खाली टाकली. मग हळू आवाजात म्हणाले, "मीच. पाणी प्यायला लांब जायला नको म्हणून. मनकर्णाबाई, चूक माझी आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

बन्सीचा चेहरा पडला. "मग आमच्या बाबाला काय देणार?"

मामा त्याला चार नंबरच्या कोरड्या वाफ्यापाशी घेऊन गेले. तो बुटका, फिकट गहू कालपर्यंत कुणी बघितलाही नव्हता. पण त्याचं प्रत्येक रोप उभं होतं, आणि रांजण तिथून बराच लांब!

साहेब आले तेव्हा मामांनी आपल्या चुकीसकट सगळं सांगितलं. "पोरांनी सावध केलं नसतं, तर आपण चुकीचं बी गावोगाव वाटलं असतं."

"शाबास!" साहेब म्हणाले. "बन्सी, तुमचं रान कसं आहे?"

"मुरमाड. लई तापतं."

"झकास! खरी कसोटी तिथंच लागेल. चार नंबर पुढच्या साली तिथं कोपऱ्यात पेरू. निकाल तू कळवायचास."

बन्सीची छाती फुगली. "खरं तेच कळवीन साहेब! जळालं, तर जळालं म्हणूनच लिहीन!"