चौदाव्या किलोमीटरचं पाणी

शहरातल्या वार्षिक हाफ मॅरेथॉनमध्ये सगळ्यांच्या पुढे धावणारी मनस्विनी चिकलठाण्याजवळ, चौदाव्या किलोमीटरला, झोकांड्या खात कोसळली. दवाखान्यातून निरोप आला: पोटात झोपेचं औषध, जीव धोक्यात.

निरीक्षक अमृता गायकवाड पोचल्या, तेव्हा पाण्याच्या टेबलापाशी आयोजक आणि वस्तीतल्या बायका एकमेकांच्या अंगावर जात होते. दुष्काळात वस्तीला नवव्या दिवशी नळ. धावणाऱ्यांसाठी मात्र रात्रीच भरून ठेवलेलं पिंप. शिव्या खाऊन स्वयंसेवक पहाटेच पळाले होते.

"हिनंच कालवलं," मनस्विनीचा प्रशिक्षक हिमांशू वस्तीतल्या चतुराबाईकडे बोट दाखवून म्हणाला. "काल धमकावत होती, हे पाणी तुम्हाला पचणार नाही म्हणून."

"मनस्विनी यातलंच पाणी प्यायली?"

"माझ्या डोळ्यांदेखत. दहा पावलं गेली आणि पडली."

"त्याआधी काही?"

"थेंबही नाही."

अमृतांनी झाकण उचललं. पिंप ठणठणीत कोरडं.

"पुरावा नको म्हणून ओतून दिलं असेल," हिमांशू म्हणाला.

भोवतालच्या फुफाट्यात ओलीचा ठिपकाही नव्हता. टेबलावरचं कागदी पेल्यांचं पाकीट न फोडलेलं.

"चतुराबाई, पाणी कुठं गेलं?"

"मला काय ठावं."

"लपवलंत तर तुमच्यावरच येईल."

चतुराबाईनं खाऊ की गिळू नजरेनं पाहिलं. "आमीच नेलं. पाचाला, कुनी पळत यायच्या आधी. लेकराबाळांसकट प्यालो. लिवा चोरीचा गुन्हा."

"कुणाला त्रास?"

"कुनालाच नाय."

अमृता हिमांशूकडे वळल्या.

"पाचलाच पिंप रिकामं झालं, मग ती पिताना तुम्ही पाहिलं कसं? पेलाही कुणी काढलेला नाही. झोपेचं औषध दहा पावलांत माणूस पाडत नाही. ते तिच्या पोटात आधीच गेलं होतं. वस्तीचा राग तुम्हाला ठाऊक होता. आळ घालायला तो आयता सापडला. खांद्यावरची पिशवी उघडा."

पिशवीत मनस्विनीच्या नावाची बाटली निघाली. तळाशी पांढरा साका.

"वाटेत मीच पाजलं," हिमांशू पुटपुटला. "आठ वर्षं घडवलं तिला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या प्रशिक्षकाकडे चालली होती. हरली असती, तर त्यानं घेतली नसती, माझ्याकडेच राहिली असती."

शिपायांनी त्याला गाडीत बसवलं. चतुराबाईची माफी कुणी मागितली नाही. तिनंही आभार मानले नाहीत.

"पानी चोरलं नसतं," ती अमृतांना म्हणाली, "तर आज त्या गाडीत मी असते."

अमृतांनी ते नाकारलं नाही.