जागेवरचं कार्ड

बुधवारी दुपारी दप्तरकाका छापखान्यातून निळ्या कार्डांचे दोन गठ्ठे स्वतः उचलून घेऊन आले. नगरपालिकेची रेकॉर्ड रूम त्यांच्या ताब्यात, म्हणून सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. खरं नाव फक्त हजेरीपटापुरतं उरलं होतं.

पूर्वी त्या खोलीत नुसता सावळा गोंधळ. जो येई तो फाईल उचलून नेई, आणि ती गहाळ झाली की खापर काकांच्या डोक्यावर. मग काकांनी नियम काढला. फाईल काढली की तिच्या रिकाम्या जागेत कार्ड उभं करायचं. काय नेलं, कोणी नेलं, कधी नेलं, परत कधी. फाईल परत आली की खाली काकांची सही. इंजिनिअरसाहेबांनी सुरुवातीला फार कुरकुर केली.

"अहो काका, पाच मिनिटांसाठी नेतोय. पळून का जातोय?"

"पळा ना, साहेब. फक्त नाव लिहून पळा."

वर्षभरात खोली अशी लागली, की डोळे मिटून हात घातला तरी हवी ती फाईल सापडे. काकांचं काय कौतुक झालं म्हणता!

घरी मात्र कुरकुर करायलाही कोणी नव्हतं. बायको जाऊन आठ महिने झाले होते, मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी कुलूप उघडणं त्यांच्या अगदी जिवावर येई. तिच्या वस्तू होत्या तिथेच होत्या. रोज एकदा कपाट उघडून ते त्या नुसत्या बघत बसत. दिवसभरात बघावंसं वाटण्यासारखं तेवढंच होतं.

त्या बुधवारी कपाट उघडलं, तर तिची शाल नव्हती.

शालीच्या जागी निळं कार्ड उभं होतं. काय नेलं: शाल. कधी नेलं: आजची तारीख. 'कोणी नेलं' आणि 'परत कधी' हे रकाने कोरे. अक्षर छापल्यासारखं, कोणाचंच नसावं असं. काकांनी घाबरून कपाट लावून टाकलं. दाराला कुलूप होतं, किल्ली त्यांच्याच खिशात होती.

दोन दिवसांनी तिचा चष्मा गेला. मग कंगवा. प्रत्येक वेळी जागेवर कार्ड.

धाकट्या बहिणीला त्यांनी फोन केला. "दादा, तूच लावत असशील रे," ती म्हणाली. "डोकं ऑफिसात ठेवून घरी येतोस. मी येऊन राहू का चार दिवस?"

"नको, नको!" काका इतक्या घाईने म्हणाले की त्यांचे तेच ओशाळले.

खोटं कशाला सांगू, तोवर त्यांची भीती पार पळाली होती. तिला थंडी वाजते म्हणून शाल नेली. वाचायचं असेल म्हणून चष्मा. म्हणजे ती आहे, कुठेतरी आहे, आणि तिला घरच्या वस्तू लागतात! माणसाला दुसरं काय हवं? काका ऑफिसातून लगबगीने घरी येऊ लागले. तिचा स्वेटर त्यांनी आपणहून वरच्या कप्प्यात काढून ठेवला. मोकळ्या घरात बोलू लागले, हसू लागले.

फक्त तो कोरा रकाना त्यांना सलत होता. एकदा तिचं नाव दिसलं असतं, तर जन्माचं सार्थक झालं असतं. एका शनिवारी त्यांनी चिठ्ठी लिहिली: 'नाव लिहिल्याशिवाय वस्तू मिळणार नाही.' ती कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. ही थट्टा वाचून ती खुदकन हसेल, असं त्यांना वाटलं.

रविवारी भर दुपारी त्यांनी कपाट उघडलं. चिठ्ठी नव्हती. शाल परत आली होती. घडी नीट होती, पण कापड असं विरलेलं, जसं कोणी वीस वर्षं रोज पांघरलं असावं. काकांनी ती नाकाला लावली. तिला कसलाच वास नव्हता.

ते वळले. पलंगावर तिच्या बाजूला कार्ड उभं होतं.

काय नेलं: बाई, एक.

कधी नेलं: आठ महिन्यांपूर्वीची ती तारीख. ती गेली, तीच.

कोणी नेलं... यावेळी नाव होतं. तिचं नव्हतं. काकांनी ते जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

परत कधी: आज.

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली. अनवाणी पावलं आली आणि त्यांच्या पाठीशी थांबली.

"अहो..." आवाज तिचाच होता, अगदी तिचा. "परत मिळाल्याची सही राहिली ना तुमची?"

"तू... तूच ना?"

"सही करा ना..."

परत आलेली फाईल पान न् पान तपासल्याशिवाय काकांनी उभ्या आयुष्यात कधी ताब्यात घेतली नव्हती. मोठमोठ्या साहेबांना त्यांनी त्यासाठी ताटकळत ठेवलं होतं. नुसती मान वळवायची होती. त्यांना रिकामं घर आठवलं, कुलूप आठवलं. खिशातून पेन काढून त्यांनी मागे न बघता कार्डावर सही केली.

खांद्यावरून एक उजवा हात पुढे आला आणि त्याने कार्ड उचललं. बोटं तिचीच, नखं तिचीच. अंगठ्यावर सुरी लागल्याची ती तिरकी खूणही होती. चाळीस वर्षं ती खूण काकांनी तिच्या डाव्या अंगठ्यावर पाहिली होती.

काकांनी डोळे गच्च मिटले. मग चाचपडत तो हात शोधला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.