दुसरा आकडा

आमच्या दवाखान्यातली मी व्हिडिओ कॉलवाली नर्स. प्रेशरचे पेशंट घरीच दंडाला पट्टा बांधून मशीनचं बटण दाबतात. आकडा आपोआप माझ्या स्क्रीनवर येतो. वावगं दिसलं की मी फोन लावते.

शिवणवाल्या मावशी माझ्या लाडक्या. एकट्या राहायच्या, मुलगी परगावी. "माझं प्रेशर जावयासारखं आहे गं," म्हणायच्या, "कधी चढेल नेम नाही."

पण त्यांचे आकडे मला स्वस्थ बसू देईनात. सकाळी एकदाच मोजायचं असताना रोज दोन यायचे. पहिला बरा, लगोलग दुसरा भलताच चढा. डॉक्टरांनी चढा खरा धरून एक गोळी वाढवली आणि मावशी चक्कर येऊन बाथरूममध्ये पडल्या. कपाळाला टाके पडले. मुलीनं मला फोनवर फैलावर घेतलं. "आईला मारायचंय का तुम्हाला?"

मी मशीन बदलून दिलं. आकडे दोनच.

"मावशी, दोनदा मोजता का?"

"एकदाच. पट्टा काढून ठेवला की ते बापडं आपलं आपणच फुगतं."

"आत्ता कॅमेऱ्यासमोर मोजून दाखवा बरं."

पहिला आकडा एकशे बावीस. मावशींनी पट्टा सोडून शिवणयंत्राच्या फळीवर ठेवला, हात मांडीवर घेतले. मोटर घुरघुरली. पट्टा चपटा पडून राहायला हवा होता. तो गोल उभा राहिला. फुगत गेला, आवळत गेला, पण मधली पोकळी काही मिटली नाही. कशावर तरी घट्ट बसल्यासारखा.

एकशे शहाऐंशी. खाली नाडीचे ठोके.

मी कॉल बंद केला.

मशीनच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर तो हसला. "रिकाम्या पट्ट्यावर आकडा येतच नाही, ताई."

डॉक्टर म्हणाले, दुसरा आकडा सोडून द्या, जादा गोळी बंद करा. मी मावशींना तसं सांगितलं.

"मग उरलेल्या कुणाला देऊ?"

"कुणालाच नाही. खणात टाका."

मावशींची चक्कर थांबली. मला हायसं वाटायला हवं होतं. पण रोज सकाळी माझी नजर आधी दुसऱ्या आकड्यावरच जायची.

तो उतरत होता. सावकाश, गोळी लागू पडल्यावर उतरतो तसा.

"मावशी, ते गोळ्यांचं पाकीट दाखवता?"

त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरलं. सगळे फुगे फुटलेले, आत एकही गोळी नाही.

"मी हातही लावला नाही गं." त्यांचा आवाज बसला होता. "रोज एक कमी."

मी तिथल्या तिथे त्यांच्या मुलीला फोन लावला. काय सांगितलं आठवत नाही. आईला तुमच्याकडे घेऊन जा, एवढंच पुन्हा पुन्हा म्हटलं असेन. तिनं या खेपेला वाद घातला नाही. त्याच संध्याकाळी गाडी घेऊन आली.

सकाळी मुलीचा फोन. आवाज मोकळा होता. "आई छान झोपली. पण घाईत मशीन तिकडेच राहिलं हो. घराला कुलूप आहे. आज आकडा काही पाठवता येणार नाही."

"चालेल," मी म्हटलं. "घाई नाही."

फोन ठेवून मी स्क्रीनकडे वळले.

आजचा आकडा येऊन पडला होता. एकच. अगदी नॉर्मल.