घासलेली भिंत

परक्या देशात येऊन तिला जेमतेम दीड महिना झाला होता. त्या सकाळी वही घेऊन ती घरामागच्या भिंतीपाशी गेली, तर भिंत लख्ख! शिडीवर एक तरुण गवंडी, हातात तारेचा ब्रश, आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहणारं हसू.

"झाली बघा साफ! मावशी, म्हणजे तुमची घरमालकीण, म्हणाली, नव्या भाडेकरूबाई रोज या भिंतीकडे टक लावून बसतात. म्हटलं, शेवाळाचा त्रास होत असेल बिचारीला..."

हसावं की रडावं, तिला कळेना. त्या शेवाळाचा अभ्यास करायलाच तर ती साता समुद्रापार आली होती! खडूनं आखलेले चाळीस चौकोन, दीड महिन्याची मोजमापं... सगळं मुसळ केरात. महिनाअखेर अहवाल गेला नाही, तर राहण्याचा परवाना संपणार आणि परतीचं विमान ठरलेलं.

"माझं होतं ते शेवाळ," ती कशीबशी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

तो खाली उतरला. ब्रश पाठीमागे लपवत म्हणाला, "परत... चिकटवता नाही का येणार?"

असं खुळ्यासारखं कुणी विचारल्यावर राग तरी किती टिकणार? रडता रडता तिला हसू फुटलं, आणि तिनं त्याला शेवाळाचा सगळा अभ्यास समजावून सांगितला.

दुसऱ्या दिवशी तो दारात हजर, काखेत जाडजूड वह्या. "आजोबांपासूनच्या आहेत. गावातली कुठली भिंत कधी घासली, तारीखवार. काही उपयोग?"

उपयोग? आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! भिंत कोरी कधी झाली हे कळलं, की शेवाळ किती वर्षांत किती वाढतं ते मोजता येणार होतं.

मग दोघं गल्लोगल्ली हिंडले. टेपचं एक टोक तिच्याकडे, दुसरं त्याच्याकडे. भुरभुर सुरू झाली की तो छत्री तिच्या वहीवर धरायचा आणि स्वतः भिजायचा.

"वही भिजली तर चालेल," ती म्हणायची.

"आणि मी?"

"तुमच्यावर शेवाळ येईल."

"मग रोज मोजायला याल ना?"

ती लाजून आकडे चुकायची.

अहवाल वेळेत गेला. परवाना वर्षभर वाढल्याचं पत्र आलं, तेव्हा ती धावतच मागच्या अंगणात गेली. तो त्याच भिंतीपाशी उभा होता.

"ही पुन्हा हिरवी व्हायला किती दिवस?"

"दिवस? चार वर्षं तरी."

"परवाना एकाच वर्षाचा... म्हणजे तीन वर्षं उरली," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "त्यांची सोय... मी केली तर?"

"अरे, विचारलंस का एकदाचं?" वरच्या खिडकीतून मावशी ओरडली.

कानापर्यंत लाल झालेल्या गवंड्याच्या हातातून तिनं त्याची भिंतींच्या नोंदींची वही घेतली. शेवटची नोंद त्याच्या अक्षरात होती: 'मावशीची मागची भिंत. घासली. चूक झाली.'

तिनं खाली लिहिलं, 'चूक माफ. भिंत आता दोघांची.'