फुलदाणीवरचा हरवलेला गुलाब

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. कपाटावर दोन पांढऱ्या फुलदाण्या आहेत, जुळ्या बहिणींसारख्या. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दूर फ्रान्समध्ये कुणीतरी बारीक कुंचल्यानं त्यांच्यावर फुलं रंगवली. आणि एका सकाळी उजवीकडच्या फुलदाणीवरचा एक गुलाब गायब! फुलदाणी जागच्या जागी, फूल तेवढं गेलं.

भिंगरीनं मामाला फोन लावला.

"मामा, लगेच ये. आत्या मावशीला कामावरून काढतेय!"

मामा निवृत्त पोलीस अधिकारी. तो पोचला तेव्हा मावशी पिशवी घेऊन दारात उभी होती. आई गेल्यापासून भिंगरीची वेणी घालणारी, तिला जवळ घेऊन झोपवणारी हीच.

"माझ्या आजीच्या फुलदाण्या!" आत्या कडाडली. "हिनंच घासणीनं खरवडलं. दुसरं कोण हात लावतं?"

बाबा खिडकीशी बसले होते. हल्ली त्यांना कुणाचं बोलणं ऐकू जातं की नाही, तेच कळत नसे.

मामा म्हणाला, "भिंगरे, फुलांवरून बोट फिरव. काय लागतं?"

"पाकळ्या किंचित वर आल्यात."

"आणि गुलाबाच्या जागी?"

"गुळगुळीत. कडेला बारीक चीर आहे."

"मावशी, तुम्ही ह्या धुता कशा?"

"धुते कुठं? भिंगरीच्या आईंनी बजावलं होतं, उजवीला पाणी लावायचं नाही. कोरडं फडकं, तेही हलक्या हातानं."

"का?"

"विचारलं होतं मी. नुसत्या हसल्या."

मामा खिडकीकडे वळला. बाबांच्या सदऱ्याचा खिसा ओला दिसत होता. "भावोजी, खिशात काय आहे?"

बाबांनी एक मऊ, ओलसर फडकं काढलं. त्याच्यावर फिकट गुलाबी डाग होता.

"रोज पहाटे मी धुतो," ते पुटपुटले. "कोमट पाणी, साबण. तिला फार आवडायच्या ना. गुलाब फिका दिसायला लागला, तर मला वाटलं, माझेच डोळे भरून आलेत."

मामा बाबांच्या शेजारी येऊन बसला. त्याची तर ती धाकटी बहीण होती.

"फुलदाणीवरची मूळची फुलं भट्टीत भाजलेली असतात, धुऊन जात नाहीत. हा गुलाब भट्टीत गेलाच नव्हता. फुलदाणीचा टवका उडाला असणार, म्हणून ती चीर. माझ्या बहिणीनं तो भरला आणि वर साध्या रंगानं गुलाब काढला. बोलणी बसतील म्हणून गप्प राहिली." आत्यानं मान खाली घातली. "ह्यात चोर कुणीच नाही, भावोजी. एवढ्या फुलांत तिच्या हातचं एकच होतं. नेमकं तेच तुम्ही जपता जपता पुसलंत."

बाबा लहान मुलासारखे रडायला लागले. आत्यानं मावशीच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

भिंगरीनं बाबांच्या मुठीतलं फडकं हळूच सोडवलं. गुलाबी डाग आत राहील अशी घडी घातली आणि ती उजव्या फुलदाणीत ठेवली.

"मावशी," ती म्हणाली, "हे कधीच धुवायचं नाही हं."